चकतीची मोजणी आणि तिच्या हद्दी

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एका माणसाच्या हयातीत मावेल एवढ्या अवधीत या गावावरील राज्ये तीनदा बदलली, सरकारी कागदांची भाषा उर्दूवरून मराठीवर आली, आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी ही रेल्वे सुरू होऊन गावाला लोहमार्गही मिळाला. पण या सर्व स्थित्यंतरांत शेताची हद्द कोठे आहे हे सांगणारे दप्तर मात्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जात जात टिकून राहिले, कारण त्या दप्तरावाचून कोणत्याही राजवटीचा एक दिवसही निभाव लागला नसता.

हेच दप्तर पुढे संगणकावर गेले. जमिनीच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली, आणि त्या आठांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ साली राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१८ पासून महाराष्ट्रात संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आज कड्याचा शेतकरी आपल्या गटाचा उतारा काढतो तेव्हा तो उतारा कोठल्या तरी संगणकाच्या चकतीवरून, म्हणजे डिस्कवरून, उचलला जातो. त्या चकतीचीही मोजणी झालेली असते, तिच्यावरही हद्दी पाडलेल्या असतात, आणि त्या हद्दींचा दाखला कोठे ठेवावा, कोणी लिहावा व कोणी तपासावा या प्रश्नांचा उलगडा व्हावयास संगणकशास्त्राला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांची हकीकत महाराष्ट्रीय वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मोजणी, हद्द आणि दाखला यांचे महत्त्व आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने पटलेले आहे. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ पासून दख्खनमध्ये जी पहिली इंग्रजी पाहणी केली तिचे माप सदोष ठरले आणि त्या मापावर उभारलेली आकारणी रयतेला झेपली नाही. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ साली इंदापुरात पुन्हा मोजणी करून तीस वर्षांची जमाबंदी बसविली, आणि हीच पद्धत पुढे सालारजंगाच्या सुधारणांच्या काळात निजामाच्या मराठी मुलखातही उतरली. माप चुकले तर त्यावरचा सगळा कारभार चुकतो, हा इंदापूरचा धडा होता, आणि तोच धडा चकतीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१९५६ साली अमेरिकेतील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एका उभ्या दांड्यावर फिरत असत, प्रत्येक चकतीच्या दोन्ही अंगांवर शंभर-शंभर वर्तुळे आखलेली असत, आणि एवढ्या अवजड यंत्रात पन्नास लाख अक्षरे मावत. अशा रचनेच्या यंत्रांतूनच पुढे चकतीची ती परिभाषा सिद्ध झाली जी सर्व जगाने स्वीकारली: एका अंगावरील एकेका वर्तुळाला ट्रॅक, वेगवेगळ्या चकत्यांवर एकाच अंतरावर असलेल्या सर्व ट्रॅकांच्या समुदायाला सिलिंडर, प्रत्येक अंगावरून फिरणाऱ्या वाचकाला हेड, आणि ट्रॅकच्या लहान तुकड्याला सेक्टर. सिलिंडर किती, हेड किती आणि एका ट्रॅकवर सेक्टर किती, या तीन आकड्यांना मिळून चकतीची भूमिती म्हणतात. हे तीन आकडे माहीत असले की चकतीवरील कोणताही तुकडा नेमका गाठता येतो, आणि यांतला एक जरी चुकला तरी वाचणारा भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून जी युनिक्स प्रणाली घडविली, तिच्यात चकतीच्या हद्दी ठेवण्याची आरंभीची रीत फारच साधी होती. हद्दींचा तक्ता प्रणालीच्या गाभ्यातच, चकती चालविणाऱ्या आज्ञावलीच्या मजकुरात लिहिलेला असे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आरपी जातीच्या चकतीसाठी असा जो तक्ता आहे त्यात पहिल्या भागाला ४०,६०० खंड, म्हणजे ० पासून २०२ पर्यंतचे सिलिंडर, आणि दुसऱ्याला तितकेच खंड, म्हणजे २०३ पासून ४०५ पर्यंतचे सिलिंडर नेमून दिलेले आहेत. पुढील काही नोंदी याच जागेचे निराळ्या प्रकारे वाटप करतात, आणि त्या एकमेकींवर चढतात असा शेराही तेथे मांडून ठेवला आहे. ज्याला हे वाटप बदलावयाचे असेल त्याने गाभ्याचा मजकूर बदलावा, तो पुन्हा संकलित करावा आणि यंत्र नव्याने सुरू करावे. चकती स्वतः मात्र आपल्याविषयी काहीच सांगत नसे. ती उचलून दुसऱ्या यंत्रास जोडली आणि तेथील गाभ्यात निराळा तक्ता असला, तर कालपर्यंत बिनचूक असलेले दप्तर आज अर्थहीन अक्षरांचा ढीग होऊन बसे.

प्रयोगशाळेत एक-दोन यंत्रे असत आणि ती चालविणारेच ती घडविणारे असत, तोवर ही अडचण सोसण्याजोगी होती. पण युनिक्स विद्यापीठांतून पसरले, निरनिराळ्या कारखान्यांच्या चकत्या त्याला जोडल्या जाऊ लागल्या, आणि प्रत्येक जातीसाठी गाभा नव्याने घडविणे अशक्य झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या बीएसडी या आपल्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीत यावर एक तोड काढली: डिस्कटॅब नावाची एक वेगळी फाइल केली आणि तीत बाजारातील चकत्यांच्या जातवार भूमितीचा व हद्दींचा कोश मांडला. याच आवृत्तीत मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांची ती शीघ्र फाइल-व्यवस्था आली जिने भूमितीला अभूतपूर्व महत्त्व प्राप्त करून दिले. जुनी व्यवस्था एकाच फाइलचे तुकडे चकतीभर विखुरत असे, आणि त्यांमागे धावता धावता हेडचा बहुतेक वेळ खर्ची पडे. नव्या व्यवस्थेने शेजारच्या सिलिंडरांचे गट पाडले, एका फाइलचा मजकूर शक्यतो एकाच गटात ठेवला, आणि चकती किती वेगाने फिरते याचा हिशेब करून पुढचा तुकडा हेडखाली नेमका केव्हा येईल हे आधीच ताडून त्याची जागा ठरविली. वाचन-लेखनाचा वेग त्यामुळे दहापटींपर्यंत वाढला. मात्र हा सगळा लाभ भूमितीचे आकडे खरे असण्यावर अवलंबून होता; कोशात आकडा चुकीचा असेल तर ही कुशल व्यवस्था कौशल्यानेच चुकीच्या जागा निवडीत असे.

तथापि कोश कितीही चांगला असला तरी तो यंत्रावर होता, चकतीवर नव्हता. जून १९८८ मध्ये निघालेल्या ४.३ बीएसडी-टाहो या आवृत्तीने निर्णायक पाऊल टाकले ते येथे. चकतीच्या आरंभीच, ठरलेल्या जागी, चकतीचा स्वतःचा दाखला लिहून ठेवावयाचा: तिची जात आणि नाव, सेक्टरचा आकार, एका ट्रॅकवरील सेक्टर, एका सिलिंडरमधील ट्रॅक, एकूण सिलिंडर, मिनिटाला होणारे फेरे, आणि त्याखाली ए पासून एच पर्यंत आठ भागांच्या हद्दी, ए हा मूळ फाइल-व्यवस्थेचा, बी हा स्मृतीच्या अदलाबदलीचा आणि सी हा संपूर्ण चकतीचा, असा संकेतही रूढ झाला. या दाखल्याला डिस्कलेबल म्हणत, आणि तो लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या आज्ञेचे नावही तेच होते. दाखल्यात एक ठरीव खूणसंख्या असे, जिच्यावरून हा खरोखरच दाखला आहे हे ओळखता येई, आणि एक पडताळा-बेरीज असे, जिच्यावरून त्यातला मजकूर बिघडलेला नाही याची खात्री पटे. गाभा आता चकतीलाच तिची मोजणी विचारू लागला. मोजणीचा कागद आणि मोजलेली वस्तू यांची ताटातूट झाल्यामुळे होणारा घोटाळा या एका युक्तीने मुळातूनच दूर झाला, आणि माझ्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पना हीच होय.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने हीच कल्पना आपल्या परीने राबविली. सनच्या चकतीचा पहिला सेक्टर दाखल्यासाठी राखीव असे, आणि त्याच्या आरंभी माणसालाही वाचता येईल अशी एक ओळ असे. उदाहरणार्थ, सन ०२०७ या नावाच्या चकतीवर १२५४ सिलिंडर, २ राखीव सिलिंडर, ९ हेड आणि ३६ सेक्टर अशी नोंद सापडते. हे आकडे परस्परांशी आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरशी गुणले की सुमारे २० कोटी ८० लाख बाइट होतात, आणि चकतीच्या नावातील दोनशे सात हा आकडा कोठून आला याचा उलगडा होतो. फॉरमॅट नावाच्या आज्ञेने चकतीची जात निवडावयाची, हद्दी ठरवावयाच्या आणि शेवटी दाखला चकतीवर उतरवावयाचा, हा विधी सनच्या यंत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला असे. दाखला उतरविण्याची अखेरची आज्ञा विसरणाऱ्याचे सगळे श्रम वाया जात.

ही यंत्रे महाराष्ट्रातही आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक १९६० साली कार्यान्वित केला होता. त्याच संस्थेतील संगणकविभागातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निर्माण झाले, आणि त्यानंतर सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात या केंद्राचा व पवईच्या आयआयटीचा वाटा महत्त्वाचा होता. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या यांत्रिकीकरणास गती आली आणि शाखाशाखांतून युनिक्सवर चालणारी यंत्रे दिसू लागली. पुण्यास १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सीडॅक, स्थापन झाले, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला, आणि १९९८ साली आलेल्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क संसाधक वापरलेले होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरील पुस्तक आणि पवईच्या धनंजय धामधेरे यांची कार्यप्रणालीवरील पाठ्यपुस्तके वाचून देशातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या विद्येत तयार झाल्या. कॅलिफोर्नियात ठरलेली चकतीची मोजणी मराठी माणसांच्या रोजच्या कामाचा भाग झाली ती अशा वाटांनी.

मात्र ज्या यंत्राने पुढे सर्वांची सद्दी संपविली, त्या वैयक्तिक संगणकात टाहोच्या आधीच ही कल्पना अर्धीमुर्धी उतरली होती. आयबीएमच्या पीसी एक्सटी या १९८३ च्या यंत्रात दहा मेगाबाइटची चकती होती: ३०६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांच्या मागोमाग उरलेल्या चौसष्ट बाइटांत, चार भागांच्या हद्दी लिहिण्याची सोय ठेवली गेली. या तक्त्यात पडताळा-बेरीज नव्हती, दुसरी प्रत नव्हती, चकतीचे नाव नव्हते, आणि विशेष म्हणजे चकतीची भूमितीही नव्हती; ती यंत्राच्या बायोस नामक मूळ आज्ञावलीकडून घ्यावयाची होती. बर्कलीने पुढे जो दाखला चकतीच्या अंगावर आणला, तो येथे अर्धा यंत्राच्याच हाती राहिला.

याचे परिणाम दहा वर्षांनी भोगावे लागले. बायोसच्या भाषेत सिलिंडरांसाठी १०२४, हेडसाठी २५६ आणि सेक्टरसाठी ६३ एवढीच मर्यादा होती. चकतीच्या जोडणीच्या एटीए पद्धतीत सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेड मात्र १६ च. दोन्हींना मान्य होईल असे लहानात लहान आकडे घेतले तर १०२४, १६ आणि ६३ उरतात, आणि त्यांतून निघणारी कमाल मर्यादा ५२,८४,८२,३०४ बाइट होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी चकत्या या मर्यादेस येऊन भिडल्या. तेव्हा बायोसने आकड्यांची फिरवाफिरव सुरू केली: सिलिंडर कमी सांगावयाचे आणि हेड जास्त, म्हणजे गुणाकार तोच राहील. ज्या चकतीत प्रत्यक्षात दोन-तीनच पत्रे फिरत होते तिला २५५ हेड असल्याचे कागदोपत्री नोंदले जाऊ लागले. दरम्यान चकत्यांचे अंतरंगही बदलले होते. बाहेरचे वर्तुळ आतल्यापेक्षा लांब असते, त्यामुळे कारखानदारांनी बाहेरच्या ट्रॅकवर अधिक सेक्टर बसविले, आणि एका ट्रॅकवर किती सेक्टर या प्रश्नाला एकच उत्तर देणे अशक्य झाले. म्हणजे चकती निराळीच होती, चकतीने सांगितलेली भूमिती निराळी होती आणि बायोसने सांगितलेली त्याहून निराळी होती. बर्कलीच्या शीघ्र व्यवस्थेने ज्या फिरण्याच्या गणितावर एवढी हुशारी खर्च केली ते गणित निराधार झाले, आणि सिलिंडर-गट हे पुढे जागा जवळजवळ ठेवण्याचे साधन म्हणून तेवढे उरले.

१९९१ साली जन्मलेल्या लिनक्सला आणि १९९२ च्या ३८६बीएसडीपासून पुढे निघालेल्या फ्रीबीएसडी, नेटबीएसडी या भावंडांना हा सगळा गोंधळ वारसाहक्काने मिळाला. बीएसडीच्या मंडळींनी पीसीच्या चार भागांपैकी एक आपल्यासाठी घेऊन त्याच्या आत आपला जुना डिस्कलेबल बसविला. फ्रीबीएसडीच्या अशा भागाची खूण १६५ ही होती. लिनक्सच्या एफडिस्क या आज्ञेत जाणकारांसाठी एक स्वतंत्र सूची होती, जीत सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने घालता येत. गाभ्याचा अंदाज आणि बायोसचा अंदाज जुळत नसेल, तर चकतीवरील जुन्या प्रणालीला समजेल अशी भूमिती माणसाने स्वतः नेमून द्यावी, हा तिचा हेतू. लिलो हा आरंभक बायोसच्या मदतीने गाभा वाचीत असल्यामुळे गाभ्याची फाइल १०२४ व्या सिलिंडरच्या अलीकडे असणे आवश्यक असे, आणि म्हणून चकतीच्या प्रारंभी बूट नावाचा एक लहान भाग राखण्याची चाल पडली. मर्यादा पुढे गेली तरी चाल पुष्कळ वर्षे टिकली.

कालबाह्य मापाचा सर्वांत चिवट अवशेष म्हणजे त्रेसष्टावा सेक्टर. पहिला भाग दुसऱ्या ट्रॅकच्या आरंभापासून सुरू करावा असा डॉसच्या काळापासूनचा दंडक होता, आणि ट्रॅकवर ६३ सेक्टर मानले जात असल्यामुळे पहिला भाग नेहमी ६३ या क्रमांकापासून सुरू होई. ट्रॅकची ही कल्पनाच काल्पनिक ठरल्यावर या दंडकास काही अर्थ उरला नव्हता. तरी तो पाळला गेला. मग २०१० च्या सुमारास ४०९६ बाइटांच्या सेक्टरच्या चकत्या आल्या. त्यांचा एक सेक्टर जुन्या आठ सेक्टरांएवढा, आणि ६३ ला आठाने निःशेष भाग जात नाही. त्यामुळे प्रत्येक लेखन दोन खऱ्या सेक्टरांच्या सीमेवर पडू लागले, आणि एका लेखनासाठी चकतीला आधी दोन वाचने करावी लागून वेग मंदावला. शेवटी पहिला भाग २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली.

हद्दींप्रमाणे नावांचाही प्रश्न होता. चकतीला तिच्या जोडणीच्या जागेवरून नाव देण्याची युनिक्सची पद्धत. तार दुसरीकडे लावली की नाव बदले, आणि फाइल-व्यवस्था कोठे जोडावी हे सांगणारा एफएसटॅब हा तक्ता खोटा पडे. म्हणून फाइल-व्यवस्थेच्या अंगावरच नाव लिहिण्याची सोय वापरात आली. पण एकाच नावाच्या दोन चकत्या एका यंत्रात आल्या की पुन्हा संशय उत्पन्न होई. तेव्हा १२८ बिटांचा, पुन्हा न येणारा ओळखक्रमांक हाच भरवशाचा ठरला, आणि लिनक्समधील चकत्यांची पूर्वापार नावे एकदम बदलली त्या काळात, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, हा क्रमांक एफएसटॅबमध्ये लिहिण्याचा प्रघात पक्का झाला.

पीसीच्या तक्त्यात जागा मोजण्यास ३२ बिट होते, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटांच्या पलीकडची जमीन त्याला नोंदताच येत नव्हती. त्यावरचा उपाय इंटेलच्या ईएफआय प्रकल्पातून जीपीटी या रूपाने आला आणि २००५ नंतर यूईएफआय मंडळाकडे त्याचा सांभाळ गेला. या तक्त्यात भूमिती कोठेच नाही. सेक्टरांना शून्यापासून ओळीने क्रमांक आणि ६४ बिटांची मोजणी, एवढाच हिशेब. साधारणतः १२८ भागांना जागा आहे, प्रत्येकाला स्वतंत्र ओळखक्रमांक आहे, मजकुराला पडताळा-बेरीज आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दाखल्याची दुसरी प्रत चकतीच्या अखेरीस ठेवलेली असते. भागाचे नाव यूटीएफ-१६ मध्ये ३६ एककांपर्यंत लिहिता येत असल्यामुळे या आराखड्यात एखाद्या भागाला देवनागरीत «दप्तर» असे नाव देण्यास कोणतीही आडकाठी नाही.

टाहोने १९८८ साली दाखला चकतीच्या अंगावर आणला, आणि पुढच्या सर्व पद्धतींची बरीवाईट योग्यता या एका कसोटीवर ठरली: दाखला वस्तूबरोबर प्रवास करतो काय, आणि त्याचा खरेपणा तपासता येतो काय. जेथे माप वस्तूपासून दूर ठेवले गेले, किंवा वस्तू बदलल्यावरही जुनेच माप चालू ठेवले गेले, तेथे दप्तर बुडाले किंवा मंदावले. भूमिती नाहीशी झाली, फिरणाऱ्या चकतीची जागाही आता पुष्कळ ठिकाणी घनस्थितीतील स्मृतींनी घेतली आहे. पण हद्दींचा दाखला हवाच आहे, आणि तो आजही चुकीच्या एका आज्ञेने क्षणात पुसला जातो. म्हणून ज्यांच्या हाती शाळेचा, पतपेढीचा, ग्रामपंचायतीचा वा घरचा संगणक आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: लिनक्समधील एसएफडिस्क या आज्ञेच्या डंप या पर्यायाने किंवा आपल्या प्रणालीतील तशाच साधनाने चकतीच्या हद्दींचा तक्ता आजच काढा, त्याची एक नकल दुसऱ्या चकतीवर आणि एक छापील कागदावर ठेवा, आणि हद्दी बदलाल त्या दिवशी त्या दोन्ही नकला नव्याने करा. हा तक्ता एका पानात मावतो.